टर्बोचार्जर, उंची व निष्कास-नियंत्रण

अंतर्ज्वलन एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंच्या ऊर्जेवर टरबाइन फिरवून, त्याच दंडावरील संपीडकाने सिलिंडरांत अधिक दाबाची हवा भरणाऱ्या साधनास टर्बोचार्जर म्हणतात. मोटारगाडीत ते प्रामुख्याने शक्तिवर्धनासाठी वापरले जात असले, तरी त्याच्या विकासाला उंचीवरील विरळ हवेच्या प्रश्नाने मोठी चालना दिली. पुढे निष्कास वायूंवरील कायदेशीर निर्बंधांमुळे या प्रश्नास दुसरी बाजू प्राप्त झाली. जुनी टर्बो गाडी सखल प्रदेशातून डोंगराळ प्रदेशात नेली असता तिच्या जुळणीत येणाऱ्या अडचणी समजण्यास हा दुहेरी इतिहास उपयोगी पडतो.

इतिहास : आल्फ्रेट ब्यूखी (१८७९–१९५९) या स्विस अभियंत्यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे एकस्व घेतले. त्या काळी टरबाइनास लागणारी उष्णतारोधी धातुद्रव्ये उपलब्ध नसल्याने ती व्यवहारात येण्यास विलंब लागला. १९२५ मध्ये जहाजांवरील डीझेल एंजिनांची शक्ती या पद्धतीने ४० टक्क्यांहून अधिक वाढविण्यात ब्यूखी यशस्वी झाले.

दरम्यान पहिल्या महायुद्धात विमाने अधिकाधिक उंच जाऊ लागली, तशी त्यांच्या एंजिनांची शक्ती घटू लागली. फ्रान्समध्ये ओग्यूस्त रातो (१८६३–१९३०) यांनी व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील सॅनफर्ड मॉस (१८७२–१९४६) यांनी यावर टर्बोचार्जरचा उपाय शोधला. मॉस यांनी १९१८ मध्ये लिबर्टी जातीचे विमान-एंजिन कोलोरॅडो राज्यातील पाइक्स पीक या सु. ४,३०० मी. उंचीच्या शिखरावर नेऊन त्याची चाचणी घेतली. समुद्रसपाटीस ३५० अश्वशक्ती देणारे ते एंजिन शिखरावर २३० अश्वशक्तीपर्यंत उतरले. टर्बोचार्जर जोडताच ते ३५६ अश्वशक्ती देऊ लागले. विरळ हवेत गमावलेली शक्ती परत मिळविता येते, हे या प्रयोगाने सिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेच्या बी-१७ या बाँबफेकी विमानांत ही योजना सर्रास वापरली गेली.

मोटारगाडीत प्रवेश : १९६२ मध्ये ओल्डस्मोबील जेटफायर व शेव्हर्ले कॉर्व्हेअर स्पायडर या टर्बो मोटारगाड्या अमेरिकेत विक्रीस आल्या. जेटफायरचे संपीडन गुणोत्तर १०·२५ इतके मोठे असल्याने स्फोटक ज्वलन, म्हणजे ‘नॉकिंग’, टाळण्यासाठी हवेत पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारावे लागे. हे मिश्रण वेळोवेळी भरण्याकडे ग्राहकांचे दुर्लक्ष होई. टर्बो गाडीस काटेकोर देखभालीवाचून गत्यंतर नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे. स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ मध्ये निष्कास-उपमार्ग झडप, म्हणजे ‘वेस्टगेट’, वापरून दाबावर नियंत्रण ठेवणारी ९९ टर्बो ही गाडी सादर केली व दैनंदिन वापराच्या टर्बो गाडीचा मार्ग मोकळा झाला.

निर्बंध व उंची : अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने निष्कास वायूंवर कडक मर्यादा घातल्या व १९७५ च्या बहुतेक गाड्यांत उत्प्रेरक परिवर्तक आला. डेन्व्हर हे शहर सु. १,६०० मी. उंचीवर असून तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सु. ८३ टक्केच असतो. सखल प्रदेशात जुळविलेला कार्बोरेटर तेथे प्रमाणापेक्षा जास्त इंधन सोडतो. परिणामी कार्बन मोनॉक्साइड व न जळलेली हायड्रोकार्बने यांचे प्रमाण वाढते. म्हणून १,२१९ मी. (४,००० फूट) पेक्षा उंच प्रदेशांत विकल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी वेगळे नियम करण्यात आले आणि १९८४ पासूनच्या हलक्या गाड्यांनी कोणत्याही उंचीवर मानके पाळलीच पाहिजेत, असे ठरले. डेन्व्हर परिसरात १९९५ पासून आय/एम २४० ही चाचणी सुरू झाली. तीत गाडी रुळांवर २४० सेकंद निरनिराळ्या वेगांनी चालवून तिचे निष्कास वायू मोजतात.

जुन्या गाडीची जुळणी : यांत्रिक वेस्टगेट बाहेरील हवेच्या तुलनेत दाब राखते, निरपेक्ष दाब राखत नाही. समजा, ते ०·७ बार वाढीव दाबावर उघडते. समुद्रसपाटीस एकूण दाब १·७ बार होईल, १,६०० मी. उंचीवर मात्र तो सु. १·५३ बारच भरेल. असे असूनही संपीडकाचे दाब-गुणोत्तर १·७ वरून सु. १·८४ होते, कारण आत येणारी हवाच विरळ असते. साहजिकच टरबाइन अधिक वेगाने फिरते व हवा अधिक तापते. गमावलेली शक्ती मिळविण्यासाठी वेस्टगेट आवळून पुन्हा १·७ बार दाब साधू पाहणाऱ्यास २·०५ चे गुणोत्तर मागावे लागते. जुन्या टर्बोचार्जरचे धारवे अशा वेळी धोक्यात येतात.

दुसरा धोका इंधनाचा आहे. कोलोरॅडोसारख्या उंच राज्यांत साधे पेट्रोल ८५ ऑक्टेनचे मिळते. उंचीवर साध्या एंजिनाच्या सिलिंडरांतील दाब कमी राहतो, या जुन्या अनुभवावर ती प्रथा उभी आहे. टर्बो एंजिनात तो दाब बराचसा परत भरून निघत असल्याने हे पेट्रोल त्यास मानवेलच असे नाही. नॉकिंगमुळे दट्ट्या फुटण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

चाचणीत नापास होण्याची कारणे पुष्कळदा साधी असतात. हवामापकानंतरची रबरी नळी दाबाखाली गळत असेल, तर मोजलेली हवा सिलिंडरात पोचत नाही, मिश्रण इंधनाने समृद्ध होते व कार्बन मोनॉक्साइड वाढतो. टर्बोचार्जरच्या झिजलेल्या धारव्यांतून तेल गळल्यास हायड्रोकार्बने व निळसर धूर दिसतो. टरबाइन निष्कास वायूंतील उष्णता शोषून घेत असल्याने उत्प्रेरक उशिरा तापतो. म्हणून गाडी पुरेशी चालवून मगच चाचणीस नेणे इष्ट असते. ऑक्सिजन-संवेदक निकामी असल्यास, हवा व इंधन यांचे आदर्श १४·७ : १ हे वस्तुमान-प्रमाण राखले जात नाही. उत्प्रेरक काढून टाकणे हा उपाय नव्हे. अमेरिकेत १९९० च्या दुरुस्तीने अशी मनाई वाहनमालकासही लागू झाली.

भारतातील प्रदूषण-नियंत्रण तपासणीत पेट्रोल गाडीचे वायू उभ्या एंजिनावर मोजले जातात. त्या स्थितीत टर्बोचार्जर जवळजवळ निष्क्रिय असतो. त्यामुळे प्रमाणपत्र मिळालेली गाडी घाटात भाराखाली किती प्रदूषण करते, हे त्यावरून कळत नाही. मॉस यांनी एंजिन शिखरावर नेऊन पाहिले, कारण सपाटीवरील आकडे त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नव्हते. ज्या परिस्थितीत यंत्र चालावयाचे, त्याच परिस्थितीत ते पारखावे, हा त्या प्रयोगाचा बोध निष्कास-नियंत्रणासही तितकाच लागू पडतो.