प्रस्तावना : जुलाब झालेल्या मुलाच्या आतड्यात

मुलाला जुलाब झाले की डॉक्टर आणि प्रयोगशाळा दोघेही आजार कोणत्या जंतूने आणला ते शोधू लागतात. ते योग्यच आहे. पण प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाला सुरुवातीलाच एक विनंती आहे : आजार आणणाऱ्या जंतूइतकेच लक्ष त्याच आतड्यात निमूटपणे राहणाऱ्या जिवाणूंकडेही द्यावे. या विषयाचा गाभा तिथे आहे, आणि आजवर सर्वांत जास्त दुर्लक्षही तिथेच झाले आहे.

थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने 1885 साली तान्ह्या मुलांच्या शौचातल्या एका जिवाणूचे वर्णन केले. त्याला आज आपण ई. कोलाय म्हणतो. त्याचे काही प्रकार जुलाब आणतात. बहुतेक मात्र आयुष्यभर आपल्या पोटात काही न बिघडवता राहतात. 1897 मध्ये जपानमधल्या हगवणीच्या मोठ्या साथीत कियोशी शिगा यांना शिगेला सापडला. आव-रक्त पाडणारा हा जिवाणू जनुकांच्या दृष्टीने ई. कोलायचा अगदी जवळचा आप्त आहे. या दोघांमधली देवाणघेवाण समजली की पुढचे पुष्कळसे उलगडते.

ती देवाणघेवाण उघडकीस आली तीही जपानमध्येच. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे हगवणीवर सल्फा औषधे सर्रास दिली जात. ती निकामी होऊ लागल्यावर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल आली. 1950 नंतरच्या दशकात या चारही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा शिगेला रुग्णांमध्ये दिसू लागला. चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकाच पेशीत जुळून येणे जवळपास अशक्य. मग हे घडत कसे होते? एकाच रुग्णाच्या शौचात औषधांनी मरणारा शिगेला मिळे, न मरणारा मिळे, आणि तीच चार औषधे पचवणारा ई. कोलायही मिळे. 1959 मध्ये ओचिआइ आणि अकिबा यांच्या गटांनी दाखवले की दोन जातींचे जिवाणू नुसते एकत्र वाढवले तरी प्रतिरोध एकातून दुसऱ्यात जातो. पेशीला पेशी भिडते आणि डीएनएचे एक छोटे वर्तुळ, म्हणजे प्लास्मिड, पलीकडे पोहोचते. सुतोमु वातानाबे यांनी 1963 साली इंग्रजीत घेतलेल्या आढाव्यामुळे हे काम जगभर पोहोचले. नव्या अभ्यासकाने हा इतिहास जरूर वाचावा. रुग्णाचे शौच इतक्या बारकाईने पाहून मूलभूत जीवशास्त्राला वळण दिल्याची उदाहरणे फार नाहीत.

आता आपल्याकडचे रोजचे चित्र पाहा. मुलाला रोटाव्हायरसचे पाण्यासारखे जुलाब होतात. विषाणूवर प्रतिजैविकाचा काडीचाही परिणाम होत नाही. त्याला हवी असते जलसंजीवनी, अंगावरचे दूध आणि 10 ते 14 दिवस झिंक : रोज 20 मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालील बाळाला 10. तरीही एखादे सिरप दिले जाते. मूल बरे होते, कारण ते बरे होणारच होते, आणि श्रेय सिरपला मिळते. मधल्या काळात आतड्यातले औषधाला बळी पडणारे ई. कोलाय मेलेले असतात आणि न मरणाऱ्यांना मोकळे रान मिळालेले असते. पुढे त्याच मुलाला खरोखर शिगेलाची हगवण झाली, तर त्या शिगेलाला लागणारे प्लास्मिड शेजारीच तयार असते. आव-रक्त पडत असेल तेव्हा प्रतिजैविक द्यायलाच हवे. म्हणूनच ते इतर वेळी राखून ठेवण्याचा आग्रह आहे.

हा धोका कल्पनेतला नाही. 1984 मध्ये पश्चिम बंगालमध्ये शिगेला डिसेन्टेरीची मोठी साथ आली, तेव्हा जुनी औषधे चालत नव्हती आणि नॅलिडिक्सिक अॅसिडचा आधार घ्यावा लागला. पुढे तेही निष्प्रभ झाले. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले, आणि दक्षिण आशियात त्यालाही न जुमानणारा शिगेला आला.

मात्र सगळा दोष औषधाच्या बाटलीवर टाकूनही चालणार नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नवी दिल्लीतल्या नळाच्या 50 नमुन्यांपैकी 2 मध्ये, आणि साचलेल्या वा झिरपलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांमध्ये एनडीएम-1 हे जनुक आढळले. कार्बापेनेमसारखी राखीव औषधे ते निष्फळ करते. ते बाळगणाऱ्या जिवाणूंत एक शिगेलाही होता. ज्या मुलाने आयुष्यात एकही प्रतिजैविक घेतलेले नाही, त्याच्याही पोटात प्रतिरोध पाण्यातून उतरू शकतो. सांडपाण्याची व्यवस्था, आणि जुलाबच टाळून सिरपची वेळ येऊ न देणारी रोटाव्हायरसची लस, हे या अभ्यासाबाहेरचे विषय नाहीत, असे मला म्हणूनच वाटते.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांशी थोडे अधिक बोलायचे आहे. शिगेला नाजूक असतो. नमुना पोहोचायला उशीर झाला की तो मरतो आणि कल्चरमध्ये उगवत नाही. कोलकात्यासह आशिया-आफ्रिकेतल्या सात ठिकाणी मुलांच्या जुलाबांची कारणे शोधणाऱ्या जेम्स (GEMS) अभ्यासातले नमुने नंतर रेण्वीय पद्धतीने पुन्हा तपासले, तेव्हा शिगेलाचा वाटा आधीच्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. आणि मॅककॉन्की अगरवर उगवणाऱ्या ई. कोलायच्या त्या गुलाबी वसाहती? ‘नॉर्मल फ्लोरा’ असे लिहून बहुतेक वेळा ती डिश बाजूला जाते. त्यातल्या काहींची औषध-संवेदनशीलता तपासावी. आजाराच्या उपचाराला तिचा लगेच उपयोग नाही, पण त्या गावातल्या मुलांच्या आतड्यांत काय साठत चालले आहे ते तिथेच वाचता येते.

याची सुरुवात करायला मोठी यंत्रे लागत नाहीत. नमुन्यासोबतच्या अर्जावर मुलाचे वय, जुलाबात रक्त होते का, घरचे पाणी कुठून येते आणि नमुना घेण्याआधी कोणते औषध किती दिवस दिले, एवढे नीट भरलेले असावे. शेवटचा रकाना बहुधा कोराच राहतो. आशाताईने किंवा परिचारिकेने आईला घरातली बाटली घेऊन यायला सांगितले, तर तो भरता येतो.