तीस लाख मैलांचा शौक

३० जून १९६६. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पंचवीस वर्षांच्या एका शाळामास्तराने लाल रंगाची, दोन दारांची एक स्पोर्ट्स मोटार विकत घेतली. किंमत ४,१५० डॉलर, म्हणजे त्याचा जवळपास वर्षभराचा पगार. या विज्ञान शिक्षकाचं नाव इर्व्ह गॉर्डन आणि मोटारीचं नाव व्होल्वो १८०० एस. नवी गाडी घेऊन मास्तर फिरायला निघाले आणि थांबायचं विसरले. दोन-तीन दिवसांतच १,५०० मैल उरकले आणि पहिल्या सर्व्हिसिंगसाठी गाडी परत विक्रेत्याच्या दारात उभी राहिली.

ती गाडी पुढे बावन्न वर्षं चालत राहिली. १९८७मध्ये तिने दहा लाख मैल पूर्ण केले आणि २००२मध्ये वीस लाख. १८ सप्टेंबर २०१३ रोजी अलास्कातल्या एका महामार्गावर तिचा तीस लाखावा मैल नोंदवला गेला. किलोमीटरमध्ये हे अंतर ४८ लाखांच्या वर जातं, म्हणजे पृथ्वीभोवती सुमारे १२० फेऱ्या. एकाच मालकाने बिगर-व्यावसायिक वापरात सर्वाधिक चालवलेली मोटार म्हणून गिनीजने तिची दखल घेतली. नोव्हेंबर २०१८मध्ये गॉर्डन यांचं निधन झालं, तेव्हा आकडा ३२ लाख मैलांच्या पुढे गेला होता.

ही गोष्ट साधारणपणे ‘बघा, काय मजबूत गाडी!’ अशी सांगितली जाते. गाडी बनवणाऱ्यांना ती तशीच सांगणं सोयीचं आहे. पण इतिहास थोडा खणला की वेगळंच चित्र दिसतं. हे मॉडेल जन्मलं तेव्हा फारसं निर्दोष नव्हतं. ते टिकलं, कारण कुणीतरी सतत त्याची निगा राखत होतं.

एका अडखळत्या गाडीचा जन्म

पन्नासच्या दशकात स्वीडनची व्होल्वो कंपनी साध्या, दणकट कौटुंबिक गाड्यांसाठी ओळखली जाई. अमेरिकी बाजारात ग्राहकांचं लक्ष वेधण्यासाठी तिला एक देखणी स्पोर्ट्स मोटार हवी होती. पहिला प्रयत्न होता पी-१९००, फायबरग्लासची उघड्या टपाची गाडी. कंपनीचे नवे प्रमुख गुनार एंगेलाऊ यांनी ती स्वतः चालवून पाहिली आणि प्रकल्पच बंद केला. तोवर सत्तरही गाड्या तयार झाल्या नव्हत्या.

मग १९५७मध्ये हेल्मर पेटरसन या सल्लागाराने नव्या कूपेची कल्पना मांडली. डिझाइन इटालियन असावं, असा एंगेलाऊ यांचा आग्रह होता. हेल्मर यांचा तरुण मुलगा पेले तेव्हा इटलीत पिएत्रो फ्रुआ यांच्या स्टुडिओत काम करत होता. इटलीहून आलेल्या आराखड्यांमध्ये त्याचाही एक आराखडा होता आणि संचालकांनी नेमका तोच निवडला. हे काम एका स्वीडिश पोराचं आहे, हे कळल्यावर एंगेलाऊ भडकले. परिणामी पेले पेटरसन यांना या डिझाइनचं अधिकृत श्रेय मिळायला २००९ साल उजाडावं लागलं. मधल्या काळात या माणसाने नौकानयनात दोन ऑलिंपिक पदकं मिळवली आणि बोटींचा नामांकित रचनाकार म्हणून नाव कमावलं.

गाडी बनवायची कुठे, हा पुढचा प्रश्न होता. जर्मनीतल्या कारमन कारखान्याशी बोलणी झाली. पण त्यांचा मोठा ग्राहक फोक्सवॅगन आडवा आला. शेवटी पत्र्याचा सांगाडा स्कॉटलंडमध्ये आणि जुळणी इंग्लंडमधल्या जेन्सन कंपनीत, अशी विभागणी झाली. १९६१मध्ये उत्पादन सुरू झालं आणि लगेच तक्रारीही आल्या. रंगकाम, सांधे, फिटिंग यांत उणिवा राहत होत्या. सुमारे ६,००० गाड्यांनंतर व्होल्वोने करार आटोपता घेतला आणि १९६३मध्ये जुळणी स्वीडनमधल्या गोटेनबर्गला नेली. ‘१८०० एस’मधला ‘एस’ म्हणजे स्वीडन. गॉर्डन मास्तरांची गाडी याच पिढीतली.

प्रसिद्धीही जवळपास योगायोगानेच मिळाली. ‘द सेंट’ या ब्रिटिश मालिकेच्या निर्मात्यांना नायकासाठी जॅग्वार हवी होती. ती कंपनी गाडी द्यायला तयार झाली नाही. मग व्होल्वोने पांढरी पी-१८०० दिली. रॉजर मूर पडद्यावर तिच्यातून उतरू लागला आणि गाडी घरोघरी पोहोचली. १९७३मध्ये उत्पादन थांबलं. सगळे प्रकार मिळून सुमारे ४७ हजार गाड्या बनल्या. मोटार उद्योगाच्या हिशेबात हा आकडा किरकोळच.

इंजिन टिकतं, पत्रा खातो

इथून शौकिनांचा इतिहास सुरू होतो. कारखाना बंद झाला की गाडीची जबाबदारी मालकावर आणि मिस्त्रीवर येते. गॉर्डन यांच्या बावन्न वर्षांपैकी पंचेचाळीस वर्षं ते बंद पडलेलं मॉडेल चालवत होते. मग सुटे भाग आले कुठून?

उत्तर इंजिनात आहे. या कूपेचं १,७७८ सीसीचं बी-१८ इंजिन खास तिच्यासाठी बनलं नव्हतं. बिडाचा ब्लॉक, क्रँकला पाच बेअरिंगचा आधार, पुशरॉडवर चालणारे व्हॉल्व्ह. सगळी रचना साधी आणि भक्कम. हेच इंजिन व्होल्वोच्या रोजच्या वापरातल्या कौटुंबिक गाड्यांतही बसवलं जाई आणि त्या गाड्या लाखोंनी रस्त्यावर होत्या. त्यामुळे पिस्टन, रिंगा, गॅस्केट, बेअरिंग, वॉटर पंप यांची मागणी टिकली आणि मागणी होती म्हणून पुरवठाही टिकला. थोडक्यात, ही नखरेल कूपे साध्यासुध्या गाड्यांच्या खांद्यावर बसून जगली.

पत्र्याचं तसं नाही. दरवाजे, मडगार्ड, काचा, क्रोमच्या पट्ट्या हे सारं फक्त याच मॉडेलचं. त्यात या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. दारांखालच्या पोकळ पेट्यांत पाणी आणि चिखल साचतो, बाहेरून रंग चकचकीत दिसतो आणि आतून गंज पत्रा खात राहतो. या पेट्या गेल्या की गाडीची ताकदच गेली. म्हणून जुनी कूपे घेणारा जाणकार बॉनेट उघडण्याआधी गुडघे टेकून गाडीखाली वाकतो. इंजिन पुन्हा बांधता येतं. सडलेला सांगाडा मात्र कापून, नवा पत्रा जोडून, वेल्डिंग करून सरळ करायचा तर महिने जातात आणि बरेचदा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो.

इंजिनाचीही आपली भाषा असते. १८०० एसवर एसयू जातीचे दोन कार्ब्युरेटर आहेत. प्रत्येकात एक पिस्टन इंजिनाच्या ओढीनुसार वरखाली होतो, त्याच्या टोकाची निमुळती सुई पेट्रोल कमी-जास्त सोडते आणि वरच्या नळीतलं थोडंसं तेल पिस्टनचा झटका आवरतं. हे चमचाभर तेल आटलं तरी ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. नवखा माणूस अशा वेळी प्लग, पॉइंट, कॉइल सगळं बदलून बसतो. दोन्ही कार्ब्युरेटर सारखीच हवा ओढताहेत ना, हे पाहण्याची जुनी रीत त्याहून मजेची. रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि दुसरं कानाशी. दोन्हीकडचा ‘स्स्स’ आवाज सारखा झाला की काम झालं. आपल्या मोहल्ल्यातल्या गॅरेजमध्ये पाना कानाला लावून टॅपेटचा आवाज ऐकणारे उस्ताद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.

आणि गॉर्डन यांचं रहस्य? ते निराशाजनक वाटावं इतकं साधं आहे. ठरलेल्या अंतराला ऑइल बदलायचं. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं वेळच्या वेळी करायचं. भाग अस्सल वापरायचे. आवाज बदलला तर दुर्लक्ष करायचं नाही. गाडी धुऊन-पुसून ठेवायची. त्यांचं शाळेत जाणं-येणंच रोजचं सुमारे १२५ मैल होतं. गाडी थंडीतही चालायची, पावसातही. इंजिन पहिल्यांदा पूर्ण खोलून बांधलं गेलं ते ६ लाख ८० हजार मैलांनंतर. मास्तरांनी कुठलाही चमत्कार केला नाही. कंटाळवाणं काम कंटाळा न करता पन्नास वर्षं केलं, इतकंच. जगातल्या बहुतेक टिकाऊ गोष्टींचा इतिहास असाच असतो. पण तो लिहिला जात नाही. बांधणाऱ्याचं नाव दगडावर कोरलं जातं, दरवर्षी गळती काढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

शौकिनांत आणखी एक जुना वाद आहे. गाडी होती तशीच ठेवायची की नव्या यंत्रांनी सजवायची? २०२०मध्ये सायन रेसिंग या स्वीडिश संघाने जुन्या पी-१८००च्या सांगाड्यावर ४२० अश्वशक्तीची नवी गाडी उभी केली. मूळ गाडीची ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास. नवी गाडी अफाट आहे, यात शंका नाही. पण तिला जपणूक म्हणावं का? एक बाजू म्हणते, चालती राहिली तरच गाडी जिवंत. दुसरी म्हणते, सगळं बदललं तर मग जपलं काय? जुन्या मशिदी, वाडे आणि दर्ग्यांच्या जीर्णोद्धारात आपण हाच प्रश्न नेहमी पाहतो. नक्षीदार दगडावर तेलरंगाचे थर चढतात, जुनी फरशी उखडून चकचकीत टाइल बसते. श्रद्धेने केलेल्या दुरुस्तीतही इतिहास पुसला जातो. वाहनांच्या शौकिनांनी निदान या प्रश्नावर उघडपणे भांडण्याची सवय लावून घेतली आहे.

आपली पद्मिनी आणि आपले मिस्त्री

या गोष्टीचा आपल्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. प्रीमियर पद्मिनी कूपे नव्हती, चार दारांची साधी गाडी होती. पण तिचं इंजिन त्याच जमान्यातलं होतं. पुशरॉड, कार्ब्युरेटर, हाताने ॲडजस्ट करायचे पॉइंट. मुंबईत तिला टॅक्सीने जगवलं. हजारो काळ्या-पिवळ्या रस्त्यावर होत्या म्हणून कुर्ल्याच्या बाजारात तिचे भाग मिळत, चोरबाजारात जुने दिवे आणि मीटर मिळत, गल्लीबोळांत तिचं इंजिन डोळे मिटून खोलणारे मिस्त्री होते. यात मुस्लीम कारागिरांचा वाटा मोठा. अनेकांनी शाळा अर्धवट सोडून, उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत हा हुनर कमावला. त्यांच्याकडे ना प्रमाणपत्र, ना पदवी. त्यांचं ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही, ते बोटांत आहे.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची आणि शेवटच्या गाडीची नोंदणी २००३ सालची. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले, फोटो छापले गेले. पण व्होल्वोच्या कूपेचा धडा आठवा. शौकिनाची गाडी जगते ती रोजच्या गाड्यांच्या बाजारावर. टॅक्सी गेली की भागांची मागणी जाते, मागणी गेली की दुकान जातं, दुकान गेलं की मिस्त्रीचा मुलगा दुसरं काम शोधतो. घरासमोर आजोबांची पद्मिनी जपणाऱ्या माणसाला हा फटका उशिरा कळेल. पण कळेल नक्की.

कायद्याचीही एक फट आहे. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून, हरित कर भरून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवावी लागते. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, हे स्वागतार्ह आहे. पण अशी गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली अशा मोजक्या कारणांसाठीच बाहेर काढता येते. पंधरा ते पन्नास या मधल्या पस्तीस वर्षांत गाडीचं काय? तिथे भंगाराची वाट सोपी आणि जपण्याची वाट अवघड आहे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जुनं कार्ब्युरेटरचं इंजिन दर किलोमीटरला नव्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त धूर सोडतं. शहरात ज्यांची फुप्फुसं आधीच काळवंडली आहेत, त्यात गॅरेजमध्ये राबणारी पोरंही आली. म्हणून सगळ्या जुन्या गाड्या रोज रस्त्यावर आणा, असं कुणी म्हणणार नाही. पण महिन्यातून दोन रविवार बाहेर पडणारी निगा राखलेली गाडी आणि दिवसरात्र धूर ओकणारं व्यावसायिक वाहन यांत फरक आहे. गाडीच्या वयापेक्षा तिची तपासणी काय सांगते, याला जास्त किंमत हवी.

खरी चिंता गाडीची नाहीच. गाडी संग्रहालयात ठेवता येते. दुरुस्तीचा हुनर काचेच्या पेटीत ठेवता येत नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात गेला तरच टिकतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२मध्येच मोटारींच्या ‘दुरुस्तीच्या हक्का’चा कायदा केला. निर्मात्यांनी दुरुस्तीची माहिती आणि साधनं बाहेरच्या गॅरेजांनाही द्यावीत, हा त्याचा गाभा. संगणकावर चालणाऱ्या आजच्या गाड्यांच्या काळात हा प्रश्न कुर्ल्याच्या मिस्त्रीचाही आहे. ज्या वस्तूची दुरुस्ती आपल्याला करू दिली जात नाही, ती खरंच आपली असते का?

इर्व्ह गॉर्डन यांच्या गाडीचा फोटो पाहिला की लाल रंग आणि क्रोमची चमक आधी डोळ्यांत भरते. मला मात्र त्या चमकेमागची शेकडो ऑइलबदली दिसते, काळे झालेले हात दिसतात आणि रबरी नळी कानाला लावून ‘स्स्स’ ऐकणारा कुणी अनाम माणूस दिसतो. तुमच्या मोहल्ल्यातही असा एक माणूस असेल. त्याच्याकडे आज शिकायला कोण येतं, हे एकदा त्यालाच विचारून पाहा.