एचआयव्हीची नक्कल सुरू होते उसन्या रेणूवर

रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातील एआरटी केंद्रासह राज्यभरातील अशा केंद्रांतून प्रौढ एचआयव्हीबाधितांना सहसा जी रोजची एक गोळी मिळते, तीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे असतात. पैकी पहिली दोन विषाणूचे एकच काम रोखतात : आरएनएची डीएनएत नक्कल.

एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस. त्याची जनुकीय माहिती सुमारे ९,७०० अक्षरांच्या आरएनएमध्ये असते. मानवी गुणसूत्रात शिरण्यासाठी तिला डीएनएचे रूप घ्यावे लागते. हा उलटा प्रवास घडविणारे विकर, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन व सातोशी मिझुतानी यांनी आणि स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधले. १९७५च्या नोबेलमध्ये टेमिन व बाल्टिमोर यांचा वाटा होता, मिझुतानींचा नव्हता.

मात्र हे विकर कोऱ्या पाटीवर लिहू शकत नाही. आधीच असलेल्या साखळीच्या टोकाला, तेथील हायड्रॉक्सिल गटालाच, ते पुढचे अक्षर जोडते. हे पहिले टोक विषाणू चक्क पेशीकडून उचलतो. प्रथिननिर्मितीसाठी लायसिन वाहून आणणारा टीआरएनए हा पेशीतला साधा हमाल. नवा विषाणूकण तयार होतानाच तो आत घेतला जातो. त्याच्या शेपटाकडील १८ अक्षरे विषाणूच्या आरएनएवरील पूरक अक्षरांशी जुळतात आणि तेथून डीएनए वाढू लागतो. कोंबड्यांमधील राउस सार्कोमा विषाणू याच कामासाठी ट्रिप्टोफॅनचा टीआरएनए वापरतो.

ही जागा आरएनएच्या आरंभाजवळ असते व नक्कल आरंभाकडेच सरकते. त्यामुळे जेमतेम १८० अक्षरे होताच वाट संपते! तेव्हा विकराचाच दुसरा भाग नक्कल झालेला आरएनए कापून टाकतो. मोकळा झालेला डीएनए आरएनएच्या दुसऱ्या टोकाशी जातो. दोन्ही टोकांचा मजकूर सारखाच असल्याने तो तेथे चपखल बसतो आणि काम पुढे चालू होते.

टेनोफोव्हिर व लॅमिव्हुडिन ही बनावट अक्षरे होत. त्यांना तो हायड्रॉक्सिल गट नसतो, म्हणून ती जोडली जाताच साखळी खुंटते. १९८७ मध्ये मान्यता मिळालेले झिडोव्हुडिनही असेच. डोल्युटेग्रॅव्हिर पुढची पायरी, म्हणजे डीएनएचे गुणसूत्रात शिरणे, अडविते.

या विकराला स्वतःच्या चुका तपासता येत नाहीत. गोळ्या वरचेवर चुकल्या, की नक्कल पुन्हा सुरू होते आणि औषधाला न जुमानणारी रूपे तगतात. लॅमिव्हुडिन निष्प्रभ होण्यास तर एका अक्षराचा बदल पुरतो.