तीन वेळा अनारकली

साल 1928. इंपीरियल कंपनीचा ‘अनारकली’ लागलाय आणि तुम्ही पिटात, अगदी पडद्याच्या पुढ्यात बसलाय. विडीचा धूर, पेटी-तबल्याचा ठेका. पडद्यावर संवादाची पाटी आली की मागचा कुणीतरी ती मोठ्यानं वाचतो. ज्यांना अक्षर ओळखता येत नाही ते त्याच्यावर भिस्त ठेवून असतात. मग सुलोचना दिसते. (आपल्या सुलोचना लाटकर नव्हेत, त्या फार नंतरच्या.) ओठ हलतात, आवाज नाही. पण तुमच्या डाव्या हाताचा गुजराती तिला गुजरातीत ऐकतोय, उजवीकडचा गिरणीकामगार मराठीत. तिची भाषा विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

थोडं मागे चला, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. 1907 साली पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स, बगदादी ज्यू घरातली मुलगी, इथं ऑपरेटर आहे. कानाला यंत्र, हातात दोरीची पिन, ती या भोकातून काढून त्या भोकात खुपसायची. दिवसभर इंग्रजीत ‘नंबर प्लीज’. पगार मिळतो तो आवाजाचा! कोहिनूर कंपनीचे मोहन भवनानी तिला सिनेमात बोलावतात, तेव्हा ती आधी नाहीच म्हणते. घरंदाज मुली त्या वाटेला जात नाहीत. पुढं हीच मुलगी सुलोचना होते आणि ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त आठ सोंगं घेते, त्यांत पोलीस आहे, केळी विकणारीसुद्धा.

आता 14 मार्च 1931, गिरगावातलं मॅजेस्टिक. ‘आलम आरा’साठी रेटारेटी चाललीय, चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना जातंय. सिनेमा इंपीरियलचाच, पण नायिका झुबेदा. कंपनीची सगळ्यात मोठी तारका पडद्यावर नाही, कारण सिनेमा आता हिंदुस्तानीत बोलतो आणि तिची हिंदुस्तानी कच्ची आहे. आवाजावर पोट भरलेल्या बाईला आवाजानंच अडवावं! ती रुसत नाही. वर्षभर काम थांबवून भाषा शिकते, 1932 मध्ये बोलत्या ‘माधुरी’तून परतते आणि महिना 5,000 रुपये घेते. 1935 मध्ये पुन्हा अनारकली, या खेपेला बोलकी. समोर सलीम 1928 मधलाच, डी. बिलिमोरिया. मला तिच्या साऱ्या कारकिर्दीत ते शिकवणीचं एक वर्षच सर्वांत मोठं वाटतं.

शेवटचा मुक्काम 1953. बीना राय अनारकली, सी. रामचंद्रांची चाल, लताबाईंचा गळा. आजूबाजूला सगळे गाण्यांवर डोलताहेत. तुम्ही मात्र सलीमच्या आईकडे, जोधाबाईकडे नीट बघा. तीच आहे.