द्विपंखी विमानांच्या प्रतिकृतींतील ताणतारा

द्विपंखी विमानाचे वरचे व खालचे पंख, त्यांमधील उभे खांब आणि विमानाचे धड यांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या तारांना ताणतारा म्हणतात. इंग्रजीतील रिगिंग हा शब्द मराठी हौशी मंडळींतही रूढ आहे. अशा विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करताना या तारा कशाच्या करावयाच्या, हा प्रश्न प्रत्येक निर्मात्यापुढे येतो. प्लॅस्टिकच्या तयार संचात पंख, चाके, पंखा, वैमानिक असे सर्व काही मिळते. तारा मात्र बहुधा मिळत नाहीत. त्यांचा पदार्थ निर्मात्यालाच निवडावा लागतो. ही निवड चुकल्यास प्रतिकृती बेढब दिसते, काही वर्षांत तारा सैल पडतात, किंवा ताण अधिक होऊन पंखच वाकतात. उडणाऱ्या प्रतिकृतीत तर चुकीची तार म्हणजे हवेत मिटणारे पंख.

मूळ विमानातील तारांचे कार्य

तारांनी बांधलेल्या दोन पंखांची रचना पुलांच्या बांधणीतून आली आहे. थॉमस व केलेब प्रॅट या अमेरिकी पितापुत्रांनी १८४४ साली पेटंट घेतलेली पुलाची कैची ऑक्टेव्ह शॅन्यूट या अभियंत्याने १८९६ च्या आपल्या ग्लायडरसाठी वापरली आणि राइट बंधूंनी तीच पुढे नेली. या रचनेत उभे खांब दाब सोसतात आणि तिरप्या तारा ताण सोसतात. तार दाब सोसू शकत नाही, म्हणून प्रत्येक चौकटीत दोन विरुद्ध दिशांच्या तारा लागतात.

धडाच्या खालच्या बाजूपासून निघून बाहेर व वर जाणारी, खांबाच्या वरच्या टोकाला मिळणारी तार ती उड्डाण-तार. विमान हवेत असताना पंखांवरील उत्थापक बल तीच धडाकडे आणते. वरच्या पंखाच्या मध्यभागापासून निघून बाहेर व खाली जाणारी ती अवतरण-तार. विमान जमिनीवर असताना पंखांचे वजन ती पेलते. उड्डाण-तारेवर पडणारा भार अधिक, म्हणून अनेक विमानांत ती जोडीने असते व अवतरण-तार एकेरी. प्रतिकृतीत सर्व तारा सारख्याच जाडीच्या व एकेरी लावणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय. पुढच्या व मागच्या खांबांमध्ये काही विमानांत आणखी एक फुली असते. पंखाचा कोन राखणे हे तिचे काम. सुकाणू व झडपांकडे जाणाऱ्या नियंत्रण-तारा ताणतारांत मोडत नाहीत. त्या हलत्या असतात, बारीक असतात आणि त्यांना थोडा झोल असला तरी चालतो.

सर्वच द्विपंखी विमानांना तारा नसतात, हेही ध्यानात ठेवावे. जर्मनीच्या फोकर डी-७ या विमानाचे पंख आतूनच भक्कम असल्याने पंखांमध्ये ताणतारा नाहीत. हौसेने त्यावर तारा चढविल्यास ती प्रतिकृती ऐतिहासिकदृष्ट्या चुकीची ठरते.

गोल तार आणि चपटी तार

पदार्थ निवडण्यापूर्वी मूळ विमानाची तार कोणत्या छेदाची होती हे पाहणे आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धातील जर्मन व फ्रेंच विमानांत बहुतांशी पिळाची गोल पोलादी दोरी असे आणि तिच्या टोकाजवळ ताण कमी-अधिक करणारा आटे असलेला फिरकी-जोड दिसे. ब्रिटिशांनी मात्र फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत चपट्या, भिंगासारख्या छेदाच्या तारा विकसित केल्या. गोल तारेमागे हवेचे भोवरे उठतात व रोध वाढतो. चपटी तार धार पुढे करून हवा कापते. या तारांना कारखान्याच्या आद्याक्षरांवरून राफ तारा असे नाव पडले. त्यांना मोठा फिरकी-जोड नसतो. टोकाला आटे पाडलेले असतात.

भारतीय विषयांवरील प्रतिकृतींत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण येथील बहुतेक द्विपंखी विमाने ब्रिटिश बनावटीची होती. कोलकात्यात जन्मलेले इंद्रलाल रॉय १९१८ मध्ये ४० क्रमांकाच्या तुकडीत ज्या एस.ई. ५ए विमानावरून लढले, त्याला राफ ताराच होत्या. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमधील डी हॅविलंड मॉथ विमाने, कराचीत १ एप्रिल १९३३ रोजी उभ्या राहिलेल्या भारतीय वायुसेनेच्या पहिल्या तुकडीची वेस्टलँड वापिती विमाने आणि नंतरच्या पिढ्यांनी प्रशिक्षणासाठी वापरलेले टायगर मॉथ या सर्वांवर चपट्या तारा होत्या. त्यांवर जाड गोल तार लावणे आणि वर जर्मन पद्धतीचे फिरकी-जोड डकविणे म्हणजे धोतरावर टाय बांधण्यासारखे आहे.

येथे एक गोंधळ वारंवार आढळतो. जे.आर.डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईच्या जुहूपर्यंत टपाल आणले ते विमान पस मॉथ होते. नाव मॉथ असले तरी ते एकपंखी असून त्याचा पंख तिरप्या खांबांनी पेललेला आहे. अ‍ॅस्पी इंजिनिअर यांनी १९३० मध्ये आगाखान पारितोषिक जिंकले ते जिप्सी मॉथ मात्र द्विपंखी होते व त्याला ताणतारा होत्या.

वापितीची अस्सल रचना पाहावयाची असल्यास दिल्लीत पालम येथील वायुसेना संग्रहालयात ते विमान आहे. त्याच्या प्रत्येक बाजूला खांबांच्या दोन जोड्या असल्याने तारांची संख्या टायगर मॉथपेक्षा बरीच अधिक भरते. पहिल्या प्रयत्नासाठी हे विमान घेऊ नये. टायगर मॉथला प्रत्येक बाजूस खांबांची एकच जोडी आहे. तथापि त्याचे पंख मागे झुकलेले व वरचा पंख खालच्याच्या पुढे सरकलेला असल्याने पुढच्या व मागच्या तारांची लांबी एक नसते. प्रत्येक तार स्वतंत्रपणे कर्कटकाने मोजावी लागते.

प्रमाण आणि जाडी

टायगर मॉथच्या पंखांचा विस्तार ८.९४ मीटर आहे. १/७२ प्रमाणात तो सुमारे १२.४ सेंटिमीटर, १/४८ मध्ये १८.६ आणि १/३२ मध्ये २७.९ सेंटिमीटर होतो. मूळ तार पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर रुंद धरल्यास प्रतिकृतीतील तार १/७२ मध्ये ०.०९, १/४८ मध्ये ०.१३ आणि १/३२ मध्ये ०.२० मिलिमीटर असावयास हवी. माणसाचा केस साधारणपणे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर जाड असतो, यावरून या आकड्यांची कल्पना यावी. शिवणकामाचा साधा दोरा १/७२ प्रमाणात मूळ विमानावर बोटाएवढा जाड दोरखंड ठरतो, शिवाय त्यावरील सुताचे केस धूळ धरतात. जाडीबाबत शंका असल्यास बारीक तार घ्यावी. बारीकपणा नजरेस खटकत नाही, जाडपणा लगेच खटकतो.

पदार्थ

ताणलेले प्लॅस्टिक. संचातील सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, फिरवीत मऊ करून दोन्ही हातांनी एकसारखा ओढला की हवा तेवढा बारीक धागा मिळतो. जलद ओढल्यास धागा बारीक, सावकाश ओढल्यास जाड. खर्च शून्य, आणि प्रतिकृतीच्याच पदार्थाचा असल्याने तो उन्हाळ्या-हिवाळ्यात तिच्याबरोबरच प्रसरण व आकुंचन पावतो. चिकटविल्यावर विझत आलेल्या उदबत्तीचे टोक जवळून फिरविले की तो आकसून ताठ होतो. अंतर चुकले तर क्षणात तुटतो. मुख्य दोष ठिसूळपणाचा. धूळ झटकताना कुंचला लागला तरी तो निखळतो.

तांब्याची वाइंडिंग तार. पंखे व मोटारी भरून देणाऱ्या दुकानांत ती मिळते. बार्शी, कळंब, भूम किंवा तेरखेडा परिसरातील निर्मात्याला हॉबीचे दुकान जवळ नसले तरी मोटार भरणारा कारागीर बाजारपेठेच्या गावी सापडतोच. तिची जाडी गेज क्रमांकात सांगतात व क्रमांक वाढतो तशी तार बारीक होते. ३६ गेजची तार ०.१९, ४० गेजची ०.१२ आणि ४४ गेजची ०.०८ मिलिमीटर असते. म्हणजे अनुक्रमे १/३२, १/४८ आणि १/७२ या प्रमाणांना ती जवळजवळ तंतोतंत जुळते. पंख्याच्या भरणीत ३६ च्या आसपासची तार असते. त्याहून बारीक तारेसाठी निकामी रिले किंवा लहान ट्रान्सफॉर्मर उकलावा. तारेचे एक टोक पकडीत धरून ती किंचित लांबेल इतकी ओढली की सर्व वाक निघून सुतासारखी सरळ होते. नंतर मापाने कापून, करडा रंग देऊन बसवावी. चपटी तार हवी असल्यास हीच तार काचेवर ठेवून पोलादी नळीने लाटता येते, आणि ब्रिटिश विमानांसाठी हा उपाय महागड्या आयात फितींच्या तोडीस तोड आहे. तांबे मऊ असल्याने बसविल्यावर बोटाचा धक्का लागला तर पडलेला वाक सहसा जात नाही.

पोलादी तार. सतार व तंबोऱ्याच्या तारा मिरजेसारख्या वाद्यनिर्मितीच्या गावी सहज मिळतात. ०.३ मिलिमीटरच्या आसपासची तार १/३२ प्रमाणातही जाड पडते (ती मूळ विमानावर साडेनऊ मिलिमीटर होते), मात्र १/२४ व त्याहून मोठ्या प्रतिकृतींना योग्य ठरते. सतारीच्या तरफेच्या तारा याहून बारीक असतात. पोलाद लवचिक असल्याने अचूक मापाचा तुकडा दोन बिंदूंमध्ये अडकवून नुसता टेकला तरी तो जागेवर राहतो. तो कापण्यासाठी जुनी पक्कड वापरावी, कारण कठीण तारेने चांगल्या पकडीच्या धारेला खाचा पडतात.

नायलॉनचा एकतंतू धागा, अर्थात मासेमारीचा तंगूस. तो मजबूत, एकसारख्या जाडीचा व स्वस्त आहे. वरच्या पंखाला ०.२ ते ०.३ मिलिमीटरचे छिद्र पाडून धागा ओवतात, खालच्या टोकाला वजन लटकवून ताण देतात आणि सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचा थेंब सोडतात. धागा पंखांतून आरपार जात असल्याने सर्व प्रतिकृती खऱ्या विमानाप्रमाणे घट्ट बांधली जाते. धोकाही यातच आहे. धाग्याची ओढ कायम राहते आणि पॉलिस्टायरीन सततच्या ताणाखाली हळूहळू वाकते. डावीकडील सर्व तारा आधी व उजवीकडील नंतर लावल्यास पंखांना पीळ पडतो. म्हणून एक डावी, एक उजवी असा क्रम ठेवावा.

लवचिक धागा. ईझी लाइन व उशी व्हॅन डर रोस्टेन या नावांनी असे धागे परदेशातून येतात. ते मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात, धक्का लागला तरी पूर्ववत होतात आणि पंखांवर जवळजवळ भार टाकत नाहीत. १/७२ प्रमाणाच्या नवशिक्याला याहून सोयीचा पदार्थ नाही. पॉलियुरेथेनचे धागे मात्र दीर्घकाळ प्रकाशात राहिल्यास पिवळट व ठिसूळ होत जातात. शाळेच्या खिडकीजवळील कपाटात वर्षानुवर्षे ठेवावयाच्या प्रतिकृतीसाठी धातूची तारच बरी.

माणसाचा केस पूर्वी सर्रास वापरला जाई. तो बारीक व फुकट असला तरी कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत त्याची लांबी दोन-अडीच टक्क्यांनी वाढते. याच गुणावर केसाचा आर्द्रतामापक चालतो. पावसाळ्यात ज्याच्या सर्व तारा लोंबू लागतात असे विमान कोणालाच नको असते.

ऋतुमानाचा परिणाम

पाश्चात्त्य मार्गदर्शक पुस्तके समशीतोष्ण हवामान गृहीत धरून लिहिलेली असतात. मराठवाड्यात जानेवारीतील पहाट आणि मेमधील दुपार यांत २५ अंश सेल्सिअसहून अधिक फरक सहज पडतो. पॉलिस्टायरीन प्रत्येक अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढते, पोलाद फक्त ०.०१२ मिलिमीटर. ८० मिलिमीटर लांबीच्या तारेसाठी २५ अंशांत हा फरक ०.१२ मिलिमीटरच्या आसपास येतो. आकडा क्षुल्लक भासतो. पण दोन्ही टोके पक्की असलेली तार एवढ्याने जास्त झाली, तर तिला मध्यभागी जवळपास दोन मिलिमीटरचा बाक येतो आणि तो डोळ्यांना स्पष्ट दिसतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात बसविलेली धातूची तार हिवाळ्यात बाकदार होते, तर हिवाळ्यात बसविलेली उन्हाळ्यात अधिक ताठ होते. यावर उपाय म्हणजे धातूची तार थंड वेळी बसविणे, किंवा तिचे एकच टोक चिकटवून दुसरे छिद्रात मोकळे सोडणे. कोकणात प्रश्न उलटा आहे. तेथे तापमानापेक्षा दमटपणा जाचतो, आणि नायलॉन पाणी शोषून सैलावते.

फिरकी-जोड

गोल तारांच्या विमानांत हे जोड दाखविण्यासाठी न वापरलेल्या इंजेक्शनच्या सुईचे एक-दीड मिलिमीटरचे तुकडे उपयोगी पडतात. ३० गेजच्या सुईचा बाह्य व्यास ०.३१ मिलिमीटर असून १/३२ प्रमाणात तो मूळच्या १० मिलिमीटरइतका होतो. तुकडा कानशीने खाच पाडून मोडावा. पकडीने कापल्यास नळी चेपते. १/७२ प्रमाणात जोड दाखविण्याची गरज नसते. गोंदाचा लहानसा फुगीर थेंब पुरेसा होतो.

उडणाऱ्या प्रतिकृती

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमान-प्रतिकृतींचे प्रशिक्षण दिले जाते आणि उडत्या प्रतिकृतींशी विद्यार्थ्यांची पहिली ओळख बहुधा तेथेच होते. अशा प्रतिकृतीत पहिला निर्णय घ्यावयाचा तो तारा भार घेणार की केवळ शोभेच्या असणार, हा. पंख आतील कण्यांमुळे पुरेसे भक्कम असल्यास लवचिक धाग्याच्या शोभेच्या तारा चालतात. भार घेणाऱ्या तारांसाठी नायलॉनचे आवरण असलेली बहुपदरी बारीक पोलादी दोरी वापरतात व तिची टोके नळीत दाबून बंद करतात. साधा तंगूस येथे चालत नाही, कारण भाराखाली तो लांबतो आणि पंख वर उचलले गेल्यावरच ताठ होतो.

भाराचा अंदाज सोपा आहे. तार पंखाशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर तिने उचलावयाच्या भाराच्या दुप्पट ताण तिच्यावर येतो. दीड किलो वजनाचे विमान कोलांटीत चौपट भार सोसते, म्हणजे एकूण सहा किलो. त्यांतील दीड किलो भार एका बाजूच्या उड्डाण-तारेकडे आला तरी तिच्यावर तीन किलोंचा ताण पडतो. तार एकवेळ टिकते. बाल्सा लाकडात नुसत्या गोंदाने रोवलेली आकडी आधी उपटते. म्हणून आकडी कण्याला दोऱ्याने बांधून मग चिकटवितात आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी तार बोटाने छेडून पाहतात.

संक्रांतीनंतर घराघरांत उरणारा नायलॉन मांजा काही मुले या कामी वापरतात. त्यावरील काचेच्या पुडीमुळे त्याने बोटे व रंग दोन्ही कापले जातात, आणि झाडावर कोसळलेल्या प्रतिकृतीबरोबर तो तेथेच राहून पक्ष्यांच्या पंखांत अडकतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये पतंगांसाठीच्या नायलॉन व इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली आहे.