जॅकी, कॅरोलिन आणि एक जुनं विमान



आमच्या गटातल्या एकीचा नवरा गेला, तेव्हा तेरावं उरकल्यावर चार माणसं ओट्यावर बसून तिला एकच सांगत होती, गिरणी विकून टाक. दगडाला टाकी लावणं, पट्टा चढवणं, मोटार जळली तर खोलून बघणं, हे बाईमाणसाला कसं जमणार? तिनं गिरणी विकली नाही. आज तिच्याच गिरणीत आमची दळणं होतात. आज ज्या विमानाची गोष्ट सांगणार आहोत ती वाचताना आम्हांला पहिली आठवण तिची झाली.

विमान इंग्लंडचं. नाव स्पिटफायर, नंबर एमएल ४०७. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडनं वीस हजारांवर स्पिटफायर विमानं बांधली. एका माणसानं चालवायची, लहान अंगाची, चपळ लढाऊ विमानं. एमएल ४०७ हे त्यांतलंच एक, १९४४ सालच्या सुरुवातीचं.

कारखान्यात विमान तयार झालं की ते लढणाऱ्या तुकडीपर्यंत पोचवायचं कोणी? हवाई दलाचे वैमानिक लढाईत अडकलेले. म्हणून या कामासाठी एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी नावाची बिनलष्करी संघटना उभी केली होती. तिच्यात वयानं मोठे, चष्मा लागलेले, एखादा हात नसलेले असे पुरुष वैमानिक घेतले. आणि १९४० च्या जानेवारीत आठ बायका घेतल्या. पुढे त्यांची संख्या १६८ वर गेली. सुरुवातीला त्यांना पुरुषांपेक्षा वीस टक्के कमी पगार होता. त्यांनी ते चालवून घेतलं नाही, आणि १९४३ साली समान काम, समान पगार पदरात पाडून घेतला.

काम सोपं नव्हतं. विमानात बिनतारी संदेशाची सोय वापरायची नाही. खाली दिसणारी नदी, रेल्वेचे रूळ, चर्चचे मनोरे बघत रस्ता काढायचा. आज एका जातीचं विमान, उद्या दुसऱ्याच. कधी न चालवलेलं विमान समोर आलं तर खिशातली छोटी टिपणवही उघडायची, त्या विमानाचं पान वाचायचं आणि निघायचं. बंदुका असल्या तरी त्या चालवायच्या नाहीत. या कामात पंधरा-सोळा बायकांचा जीव गेला.

या बायकांतली एक जॅकी. दक्षिण आफ्रिकेतली, प्रिटोरियाची. लग्नानंतर ती जॅकी मॉग्रिज झाली. सतराव्या वर्षी तिनं पॅराशूटनं उडी मारली होती. युद्धाच्या काळात तिनं दीड हजाराच्या आसपास विमानं जागेवर पोचवली. २९ एप्रिल १९४४ ला तिनं एमएल ४०७ उडवत नेलं आणि न्यूझीलंडच्या ४८५ नंबरच्या स्क्वाड्रनच्या हवाली केलं. तिच्यासाठी तो रोजच्या कामातला एक दिवस होता.

पुढे सव्वा महिन्यानं, ६ जूनला, दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं. त्या दिवशी त्या किनाऱ्यावर शत्रूचं पहिलं विमान पाडल्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, ते जॉनी हूल्टन याच एमएल ४०७ मध्ये बसले होते. ही नोंद लगेच इतिहासात गेली. विमान आणून देणारीचं नाव मात्र वहीतच राहिलं.

युद्ध संपलं आणि संघटना बंद झाली. बायकांना सांगितलं गेलं, आता घरी जा. जॅकी गेली नाही. मिळेल ते उडवण्याचं काम ती घेत राहिली. १९५० च्या दशकात इस्रायलनं विकलेली जुनी स्पिटफायर विमानं ब्रह्मदेशापर्यंत पोचवायचं कामही तिनं केलं.

आता विमानाचं काय झालं ते बघू. १९५० च्या सुमाराला एमएल ४०७ मध्ये मागे दुसरी बैठक बसवली आणि ते आयर्लंडच्या हवाई दलाला शिकवणीसाठी दिलं. तिथून निवृत्त झाल्यावर ते हातोहात फिरलं. १९७९ साली निक ग्रेस या इंजिनिअरनं ते विकत घेतलं, तेव्हा ते उडण्याच्या अवस्थेत नव्हतं. त्यावर निकची पाच वर्षं गेली.

जुनं लढाऊ विमान पुन्हा उडतं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आधी सगळं सुटं करायचं. विमानाचं अंग ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं, हजारो रिव्हेटनी सांध्याला सांधा जोडलेलं. गंजलेला रिव्हेट एकेक करून काढायचा आणि नवा ठोकायचा. पंखांतला मुख्य दांडा तपासायचा, कारण सगळा भार त्याच्यावर. इंजिन बारा सिलिंडरचं, सत्तावीस लिटरचं. तेही पार खोलून एकेक भाग तपासायचा. कितीतरी भाग आता कुठंच बनत नाहीत. ते जुन्या गोदामांत शोधायचे, नाहीतर जुने नकाशे बघून नव्यानं घडवायचे. शेपटीचं सुकाणू तर कापडाचं असतं. चौकटीवर कापड ताणायचं, शिवायचं, वर लेप द्यायचा. युद्धाच्या दिवसांत कारखान्यांतून हे शिवणकाम बऱ्याच बायकाच करत.

१६ एप्रिल १९८५ ला एमएल ४०७ पुन्हा आकाशात गेलं. पुढे निक आणि मागच्या बैठकीत त्याची बायको कॅरोलिन.

तीन वर्षांनी, १९८८ साली, निक मोटार अपघातात गेला. कॅरोलिनच्या पदरात दोन लहान मुलं आणि छपराखाली हे विमान. अशा विमानाला गिऱ्हाईक मिळायला कितीसा वेळ? विकलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. तिनं विकलं नाही आणि ते झाकूनही ठेवलं नाही. लहान विमान उडवायला ती शिकलेली होती, पण स्पिटफायर वेगळं. जमिनीवर असताना त्याचं नाक इतकं वर असतं की समोरचं काही दिसत नाही, नागमोडी चालवत बाजूनं बघावं लागतं. उभं ठेवून इंजिन चालू राहिलं तर ते तापतं. चाकं जवळजवळ, तोल संभाळायला अवघड. १९९० साली कॅरोलिननं ते एकटीनं उडवलं. पुढची कितीतरी वर्षं ती ते प्रदर्शनांतून उडवत राहिली.

आणि मग २९ एप्रिल १९९४ उजाडला. जॅकीनं एमएल ४०७ पोचवलं त्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं झाली. जॅकीचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. ती आणि कॅरोलिन दोघी त्याच विमानात बसल्या आणि जॅकीनं ते पुन्हा उडवलं. २००४ साली जॅकी गेली, तेव्हा तिची रक्षा कॅरोलिननं याच विमानातून वाऱ्यावर सोडली. कॅरोलिन २०२२ साली गेली. विमान आता तिच्या मुलाच्या हाती आहे.

गटात हे वाचून झाल्यावर आमच्यात वाद झाला. एक जण म्हणाली, एवढी जपलेली वस्तू उडवायची कशाला? संग्रहालयात ठेवावी. तिचं म्हणणं खोटं नाही. दर उड्डाणाला विमान झिजतं, आणि माणसाच्या जिवाला धोका असतोच. २०२४ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये असंच एक स्पिटफायर कोसळलं आणि हवाई दलाचा वैमानिक गेला. दुसरीनं विचारलं, इतके भाग बदलल्यावर ते जुनं विमान राहिलंच कुठं? तिला तिसरीनं उत्तर दिलं, आजीच्या गोधडीला आईनं ठिगळं लावली, आईच्या मागे आपण लावली, तरी आपण तिला आजीचीच गोधडी म्हणतो ना? चौथी म्हणाली, शेवटी हे माणसं मारायचं यंत्र, त्याचं कौतुक किती करायचं? यावर आमचं एकमत झालं नाही. एवढं मात्र सगळ्यांना पटलं की विमान उडतं राहिलं म्हणून पन्नास वर्षांनी जॅकीला त्यात बसता आलं, आणि वहीतली तिची नोंद लोकांसमोर आली.

आपल्या देशाचाही या गोष्टीशी धागा आहे. आपल्या हवाई दलाकडे स्पिटफायर होती. ती जुनी झाल्यावर त्यांतली काही बाहेर गेली. बंगळुरूजवळ जलाहळ्ळीला शिकवणीसाठी ठेवलेलं एक विमान इंग्लंडला नेऊन दुरुस्त केलं आणि ते पुन्हा उडालं. उलट २०१८ साली एक डाकोटा विमान इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन तिथून उडत उडत जामनगरला आलं. त्याचं नाव परशुराम. २७ ऑक्टोबर १९४७ ला आपले जवान घेऊन डाकोटा श्रीनगरला उतरली होती, त्यांची आठवण म्हणून त्याला व्हीपी ९०५ हा त्या वेळचाच नंबर दिला आहे. आणि लढाऊ विमानाच्या वैमानिक म्हणून आपल्या हवाई दलात बायका आल्या त्या २०१६ साली.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात आईचं शिलाई मशीन असेल, सासूबाईंनी चालवलेलं दुकान असेल, बचत गटाची पहिली वही असेल. ते कोणी आणलं, कोणी चालवलं, कोणत्या साली, हे लिहून ठेवा. तारीख आणि नाव, दोन्ही घाला. लिहिता येत नसेल तर आमच्याकडे या, तुम्ही सांगा, आम्ही ध्वनिमुद्रण करू. गिरणीवाल्या आमच्या मैत्रिणीचं आम्ही याच आठवड्यात करणार आहोत.

येतो मग. नमस्कार.