पडीक जमिनीचे धनी

वाळवंट म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें त्यांत वाळू असते, उंट असतो, आणि फार तर एखादें खजुरीचें झाड असतें. जेथें कांहींच नाहीं तेथें राखावयाचें तरी काय, हा प्रश्न ह्या चित्रांतूनच निघतो. राजस्थानांतील थरच्या मरुभूमीचा इतिहास हें चित्र साफ खोटें पाडतो. तेथें चिंकारा आहे, काळवीट आहे, खोकड आहे. सेवण गवताचे विस्तीर्ण पट्टे आहेत, आणि त्या गवतांत वावरणारा, मीटरभर उंचीचा माळढोक पक्षी आहे. ह्या सृष्टीच्या रक्षणाचें काम तीन वेगवेगळ्या काळांत तीन शक्तींनीं हातीं घेतलें: प्रथम धर्मानें, नंतर कायद्यानें आणि शेवटीं शास्त्रानें. ह्या तिहींचें सामर्थ्य किती आणि मर्यादा कोणत्या, एवढेंच पाहण्याचा आमचा हेतु आहे.

पहिला मान धर्माचा. १४५१ सालीं मारवाडांत पीपासर येथें जन्मलेल्या जांभोजींनीं १४८५ च्या सुमारास बिश्नोई पंथ स्थापिला. ह्या पंथाचे नियम एकोणतीस. वीस आणि नऊ ह्या आंकड्यांवरूनच पंथाचें नांव पडलें असें सांगतात. त्यांत हिरवें झाड तोडूं नये आणि प्राणिमात्रावर दया करावी हे दोन नियम आहेत. अवर्षणाच्या प्रदेशांत असे नियम केवळ पुण्यासाठीं होतात असें आम्हांस वाटत नाहीं. तेथील मुख्य वृक्ष खेजडी, म्हणजे आपण दसऱ्यास जिची पूजा करतों ती शमी. तिचा पाला गुरांना चारा, तिच्या शेंगा माणसाला भाजी, तिची सावली पिकाला आधार. ती तोडणें म्हणजे पुढच्या दुष्काळांतला घांस आजच चुलींत घालणें होय. लाकूड वाचावें म्हणून बिश्नोई प्रेताचें दहनहि करीत नाहींत, तें पुरतात.

ह्या व्रताची कसोटी १७३० सालीं लागली. जोधपूरचे महाराज अभयसिंह ह्यांना नव्या वाड्याच्या चुन्याच्या भट्टीसाठीं लांकूड हवें होतें, आणि राजाचे लोक खेजडली गांवीं कुऱ्हाडी घेऊन आले. अमृतादेवी नांवाची बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली. परंपरा सांगते कीं, तिच्यामागून तिच्या तिन्ही मुलींनीं आणि मग आसपासच्या गांवांतील लोकांनीं तेंच केलें, आणि ३६३ जणांचे प्राण गेले तेव्हां राजाला शरम वाटून त्यानें बिश्नोयांच्या गांवांत वृक्षतोड व शिकार ह्यांस बंदी केली. आजहि बिश्नोयांच्या शेतांत चिंकाऱ्यांचे कळप निर्भयपणें चरतात. जखमी हरणाची शुश्रूषा घरांत होते. पोरक्या पाडसाला बायका अंगावर पाजतात. ज्याला आपण आज वन्यप्राण्यांचें पुनर्वसन म्हणतों तें येथें घरकामांतच मोडतें.

परंतु ह्या धर्माच्या शक्तीलाहि सीमा होती. गांवाच्या पांढरींत आणि शेतांत येणाऱ्या जीवाला तिनें अभय दिलें. माळढोक, ज्याला तिकडे गोडावण म्हणतात, तो माणसाला बुजणारा आणि कोस-कोस माळ तुडवणारा पक्षी. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. अशा जीवाला एका गांवाचा आसरा कसा पुरणार? आणि बंदुकीपुढें व्रत चालतेंच असें नाहीं. ह्याचा दाखला शोधावयास दूर जाणें नको. आपल्याच अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, रॉबर्ट मॅन्सफिल्ड नांवाच्या इंग्रज अंमलदारानें १८०९ ते १८२९ ह्या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. ज्या देशांत एका माणसाच्या बंदुकीला इतके पक्षी सांपडले, त्या सबंध देशांत २०१८ च्या सुमारास केवळ १५० च्या आसपास उरले होते!

कायदा आला तो १९७२ सालीं. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टांत माळढोकाला स्थान मिळालें. १९७९ च्या सुमारास ससाणे घेऊन एक अरब राजपुत्र जैसलमेरकडे शिकारीस आला, तेव्हां राजस्थानांतील नागरिकांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला. १९८० सालीं जयपुरास ह्या पक्षिकुलाविषयीं परिषद भरली, त्याच सुमारास जैसलमेर-बाडमेर भागांतील ३,१६२ चौरस किलोमीटरांचें मरु राष्ट्रीय उद्यान अस्तित्वांत आलें, आणि १९८१ मध्यें गोडावण राज्यपक्षी झाला. आमच्याकडे सोलापुराजवळ नान्नजचें अभयारण्य १९७९ चें. त्याची कागदावरील व्याप्ति ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यांत गांवें आलीं, शेतें आलीं, आणि जमिनीच्या खरेदी-विक्रीची अडचण झालेला शेतकरी पक्ष्यालाच शत्रु मानूं लागला. पुढें ती हद्द पुष्कळच कमी करावी लागली. खेजडलीच्या लोकांनीं झाडासाठीं प्राण दिले, आणि आमच्याकडे कायद्यानें पक्ष्याचे शेजारीच त्याच्यावर रुष्ट केले. एकीकडे नियम आंतून आला होता, दुसरीकडे तो वरून आला, एवढाच काय तो भेद.

कायद्याची दुसरी अडचण शब्दाची आहे. ‘अभयारण्य’ ह्या शब्दांत अरण्य गृहीत आहे. माळढोकाला तर अरण्य नको, उघडा माळ हवा. महसुलाच्या दप्तरांत ह्याच माळाला ‘पडीक’ म्हणण्याची चाल पडली. पडीक जमीन म्हणजे जिचा कोणी धनी नाहीं ती. मग तेथें कालवा न्या, नांगर घाला, झाडें लावा, सारें पुण्यकर्मच! इंदिरा गांधी कालव्याचें पाणी मरुभूमींत आलें, शेतकऱ्याचें दैन्य कमी झालें, हें चांगलेंच झालें. पण त्या पाण्याबरोबर कित्येक गवताळ राने शेतीखालीं गेलीं. ह्यांत दुष्ट कोणी नव्हता, आणि म्हणूनच हानि थांबविणें कठीण झालें.

आजचें संकट ह्याच जातीचें आहे. वाळवंटांत ऊन आणि वारा मुबलक. त्यांपासून वीज करणें सबंध जगाच्या हिताचें. परंतु त्या विजेच्या तारा माळावरून जातात. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें समोरचें त्याला फार थोडें दिसतें, आणि पंधरा किलोपर्यंत भरणाऱ्या ह्या पक्ष्याला आयत्या वेळीं वळतांहि येत नाहीं. थरच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर टापूंत तारांमुळें वर्षास सर्व जातींचे मिळून ८४,००० च्या जवळपास पक्षी मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. एप्रिल २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तारा जमिनीखालून नेण्याविषयीं आदेश दिला. मार्च २०२४ मध्यें विजेची गरज व व्यवहार्यता ध्यानीं घेऊन तो बदलला आणि तज्ज्ञांची समिति नेमली.

ह्या पेंचांत शास्त्र पुढें आलें. २०१९ पासून जैसलमेर जिल्ह्यांत सम येथें रानांतून आणलेलीं अंडीं यंत्रांत उबवून पिलें वाढविण्याचें काम सुरू झालें. पुढें रामदेवरा येथें दुसरें केंद्र निघालें. ऑक्टोबर २०२४ मध्यें कृत्रिम रेतनानें पहिलें पिल्लूं जन्मास आलें. आणि हें तंत्र आलें कोठून? हुबारा पक्ष्याच्या पैदाशीचा दीर्घ अनुभव असलेल्या अबुधाबीच्या संस्थेकडून! ज्या अरब भूमींतून एके काळीं ससाणे आले, तिनेंच पुढें अंडें उबविण्याची विद्या दिली. इतिहास असा कधीं कधीं आपलें देणें फेडतो.

परंतु पिंजऱ्यांत जन्मलेलें पिल्लूं ही अर्धीच गोष्ट. तें सोडावयाचें कोठें? ज्या माळावर तारा आहेत, भटकीं कुत्रीं आहेत आणि गवत नाहीं, तेथें शास्त्राचें यश एका दिवसांत मातीस मिळेल. शास्त्र पिल्लूं देईल, कायदा हद्द आंखील. पण त्या हद्दींत पक्ष्याला शेजारी म्हणून वागविणारें माणूस केवळ धर्मच, अथवा धर्माच्या तोडीचा एखादा संस्कारच, निर्माण करूं शकेल. अमृतादेवीला शास्त्र ठाऊक नव्हतें, कायदा तर तिच्या विरुद्धच उभा होता. तिला एवढेंच ठाऊक होतें कीं ही जमीन पडीक नाहीं. हिचे धनी आधींपासून येथें नांदत आहेत. दरसाल शमीची पूजा करणाऱ्या आम्हां लोकांना हें समजण्यास अवघड कां जावें?